लोकभाषेंतील धर्म आणि बंद पोथ्या

नांदेड जिल्ह्यांतील माहूरच्या डोंगराला महानुभाव पंथाच्या जुन्या वाङ्मयांत ‘सह्याद्रि’ म्हटलें आहे. कोंकणाच्या माथ्यावरचा सह्याद्रि तो हा नव्हे. रवळोबास या कवीचें ‘सह्याद्रिवर्णन’ हें याच डोंगराचें व तेथील श्रीदत्तात्रेयप्रभूंचें काव्य असून, पंथाच्या सात मान्य काव्यग्रंथांत त्याची गणना होते. माहूरची वाट मराठवाड्यांत सर्वांच्या परिचयाची. परंतु माहूरचें हें काव्य शेंकडों वर्षें पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला वाचतांच येत नव्हतें. तें कां, हें समजून घेण्यासाठीं तेराव्या शतकापर्यंत मागें जावें लागतें.

त्या वेळीं देवगिरीस यादवांचें राज्य होतें. धर्मशास्त्र संस्कृतांत होतें, आणि यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘चतुर्वर्गचिंतामणि’ या प्रचंड ग्रंथांत व्रतें, दानें व श्राद्धें यांचा जो विस्तार मांडला, तोही संस्कृतांतच होता. अशा काळीं जन्मानें गुजराती असलेल्या चक्रधरस्वामींनीं मराठींत धर्म सांगितला. स्त्रिया व शूद्र यांना त्यांनीं संन्यासाचा व ज्ञानाचा अधिकार दिला. रजस्वलेचा विटाळ त्यांनीं मानला नाहीं. शरीराचे इतर मल, तसाच हाही एक, असें त्यांचें सांगणें होतें.

गुरु दूर झाल्यावर म्हाइंभटानें त्यांच्या आठवणी गोळा करण्याचें व्रत घेतलें. हा मूळचा विद्येचा अभिमानी पंडित. परंतु ज्यानें ज्यानें स्वामींना पाहिलें होतें, त्याला गांठून त्यानें हकीकत विचारली व ती नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. यांतून १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ उभा राहिला. याच मंडळींतील महदंबेनें रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले. तिला आद्य मराठी कवयित्री म्हणतात. पुढें केशवबास या संस्कृतज्ञ शिष्यानें पंथाचें तत्त्वज्ञान संस्कृतांत घालण्याचा विचार केला, तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्याला मना केलें. तसें केल्यास पंथांतील म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, एवढेंच त्यांचें कारण होतें. मराठी वाङ्मयाच्या पायाशीं ही म्हाताऱ्यांविषयींची कळकळ आहे.

सुमारें शंभर वर्षांनीं इंग्लंडांतही हाच प्रश्न उभा राहिला. तेथें धर्माची भाषा लॅटिन होती. जॉन विक्लिफ या ऑक्सफर्डच्या आचार्यानें चर्चच्या वैभवावर टीका केली, आणि त्याच्या प्रेरणेनें बायबल इंग्रजींत उतरलें. विक्लिफ १३८४ मध्यें वारला. १४०१ मध्यें पाखंड्यांस जाळण्याचा कायदा झाला, आणि १४०९ मध्यें परवानगीवांचून बायबलाचें भाषांतर करण्यास बंदी झाली. १४२८ मध्यें तर विक्लिफचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. तरीही त्या बायबलाच्या सुमारें अडीचशें हस्तलिखित प्रती आजपर्यंत टिकल्या आहेत. ग्रंथ बंद करणारे परके होते. तो उघडा ठेवणारे त्याचे स्वतःचे वाचक होते.

महानुभावांच्या बाबतींत मात्र कुलूप आंतून लागलें. खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत पोथ्या नाहींशा झाल्या, आणि आठवणींतून त्या पुन्हां लिहाव्या लागल्या. पाठ भ्रष्ट होऊं नयेत, वचनें निंदकांच्या हातीं पडूं नयेत, म्हणून अक्षराऐवजीं दुसरेंच अक्षर योजणारी ‘सकळ’ लिपि चौदाव्या शतकांत निघाली. तिचें कर्तृत्व परंपरेनें रवळोबासाकडेच दिलें जातें. म्हणजे ज्यानें माहूरचें वर्णन मराठींत गायिलें, त्याच्याच नांवावर तें गुप्त ठेवणारी लिपिही आहे. पोथ्या जगल्या, हा त्या लिपीचा उपकार मानावा लागेल. परंतु जें वाचतां येत नाहीं, त्याविषयीं लोक वाटेल तें बोलूं लागतात. ‘महानुभाव’ याचें ‘मानभाव’ झालें, आणि ‘मानभावी’ हा शब्द ढोंग्याला लावण्यांत येऊं लागला.

याच्या उलट उदाहरण लातूरकरांच्या परिचयाचें आहे. वीरशैव संत मन्मथस्वामी यांनीं ‘परमरहस्य’ मराठींत लिहिलें. नांवांत रहस्य असलें, तरी ग्रंथ उघडा राहिला. लातूर-नांदेडकडील वीरशैव घरांत व मठांत त्याचें पारायण चालत आलें, आणि बीड जिल्ह्यांतील कपिलधारेस त्यांच्या समाधीपाशीं कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते.

महानुभावांच्या लिपीची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं शोधिली. १९२५ मध्यें य. खु. देशपांडे यांनीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध केलें, व पंथाच्या महंतांनींही हळूहळू पेट्या उघडल्या. तेव्हां कोठें मराठी गद्याचा आरंभ मराठी माणसाला पुन्हां सांपडला.

मराठवाड्याला या गोष्टीचें मर्म वेगळें सांगावयास नको. १९१८ मध्यें उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेव्हां उच्च शिक्षणाचें माध्यम उर्दू ठरलें. १९४८ पर्यंत येथील मराठी मुलाला विद्येसाठीं घरची भाषा उंबरठ्याशींच ठेवावी लागे. धर्म असो वा विद्या, ती लोकांच्या भाषेंत असली पाहिजे, हें खरेंच. पण लोकांच्या भाषेंतील ग्रंथ लोकांना वाचतां आला, तरच ती भाषा त्यांच्या कामीं येते. माहूर, कंधार, औसा, उदगीर या बाजूच्या ज्या श्रोत्यांच्या घरीं जुन्या पोथ्या फडक्यांत बांधलेल्या असतील, त्यांनीं त्यांची पूजा अवश्य करावी. मात्र एखाद्या जाणत्या अभ्यासकाकडून त्या वाचवूनही घ्याव्यात. नागदेवाचार्यांच्या म्हाताऱ्यांचा हक्क त्यांवर अजून आहे.