प्रक्षेपकाची दुरून राखण



विहिरीवरच्या पंपाला मोबाइल स्टार्टर बसवलेले शेतकरी आता गावोगाव आहेत. थ्री-फेज वीज रात्री दोनला आली, तरी अंथरुणातूनच फोन लावायचा आणि मोटार सुरू करायची. मग यंत्रच उलट निरोप देते : वीज आली, मोटार चालू झाली, एक फेज गेली, पाणी तळाला गेले म्हणून मोटार बंद केली. काळोख, चिखल, विंचूकाटा यांतून माणूस सुटला. पण ज्याने हे यंत्र वर्षभर वापरले आहे, त्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. मोटार चालू असल्याचा निरोप येतो, अँपिअरही बरोबर दिसतात, आणि सकाळी जाऊन पाहावे तर पाइप निसटून सगळे पाणी ओढ्याला गेलेले! यंत्र काही खोटे बोलले नाही. त्याला मोटारीबद्दल विचारले होते. उसाला पाणी पोचले का, हे कुणी विचारलेच नव्हते.

नभोवाणीच्या प्रक्षेपकाची, म्हणजे ट्रान्समीटरची, दुरून राखण करतात. तिची सगळी खुबी आणि सगळी अडचण या पाइपातच आहे.

तुम्ही ऐकता तो आवाज स्टुडिओत निघतो खरा, पण तुमच्याकडे येतो तो दुसऱ्याच जागेहून. मुंबईचा स्टुडिओ चर्चगेटजवळ, आणि मध्यमलहरीच्या प्रक्षेपकांची जागा पार मालाडपलीकडे, मालवणीला. पुण्याचा स्टुडिओ शिवाजीनगरला, प्रक्षेपकाची जागा हडपसरला. एवढे लांब कशाला? तर मध्यमलहरीला जागा फार लागते. तिथे सबंध लोखंडी मनोराच एरियलचे काम करतो. तो चिनी मातीच्या बैठकीवर उभा असतो, त्याच्या अंगात वीज खेळत असते, आणि भोवतालच्या जमिनीत तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरलेल्या असतात. शिक्षकमंडळींनी हे गणित मुलांना जरूर घालावे : पुणे केंद्र वर्षानुवर्षे 792 किलोहर्ट्झवर ऐकले गेले. लहरीचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. त्याला सेकंदातल्या 7 लाख 92 हजार कंपनांनी भागले, की एका लहरीची लांबी येते सुमारे 379 मीटर. तिच्या चौथ्या हिश्शाइतका उंच मनोरा उभारायचा म्हटले तर 95 मीटर झाले. हे सगळे पेठेत कुठे मावणार? एफ. एम.ची तऱ्हा निराळी. त्याला जमिनीपेक्षा उंची हवी, म्हणून त्याचा मनोरा डोंगर शोधतो.

तात्पर्य, प्रक्षेपक माळावर नाहीतर डोंगरावर. पूर्वी तिथे पाळ्या लावून माणसे बसत. ठरल्या वेळी प्रत्येक काट्यावरचा आकडा वहीत टिपायचा, काही बिघडले की स्टुडिओला फोन करायचा. एवढ्या माणसांचा खर्च लहान केंद्रांना झेपेना. अमेरिकेत 1953 साली सरकारने कमी शक्तीच्या केंद्रांना दुरून प्रक्षेपक चालवायची मोकळीक दिली. त्या काळची युक्ती साधी होती. टेलिफोनच्या तारांच्या दोन जोड्या घ्यायच्या. एकीवरून हुकूम जायचा, दुसरीवरून काट्याचा आकडा यायचा. स्टुडिओत बसलेला माणूस फोनच्या तबकडीसारखी तबकडी फिरवी, की तिकडे माळावर एक फिरते बटण टकटक करीत त्या-त्या काट्यावर जाऊन थांबे. एका वेळी एकच प्रश्न, एकच उत्तर.

आज तारांच्या जागी इंटरनेट आणि मोबाइल आले, आणि पुष्कळ प्रश्न एकदम विचारता येतात. मनोऱ्याकडे किती शक्ती गेली आणि किती परत फिरली, हा त्यांतला मुख्य. विहिरीत हाक मारली तर आवाज परत येतो ना, तशी एरियलमध्ये किंवा तिच्या तारेत खोट असली की शक्ती उलटून प्रक्षेपकातच येते आणि त्याला जाळते. बाकी खोलीतली उष्णता, विजेचा दाब, जनरेटरमधले डिझेल, दार उघडे की बंद, हे चुटकीसरशी कळते.

पण तारच तुटली तर? तुमच्या जुन्या स्टार्टरमधली नो-व्होल्ट कॉइल आठवा. वीज आहे तोवर ती खटका धरून ठेवते. वीज गेली की खटका सुटतो. तेच तत्त्व इथे वापरले. तारेतून सतत थोडी वीज वाहती ठेवायची. ती थांबली की प्रक्षेपक आपोआप बंद. ज्याला बंद करता येत नाही असे यंत्र चालू ठेवू नये, कारण भरकटला तर तो दुसऱ्या केंद्रांच्या आवाजात घुसेल, हा त्यामागचा विचार.

विचार बरोबर, पण पुरता नाही. वादळात आधी तारच पडते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा कित्येक गावांची वीज आणि मोबाइल दिवसेंदिवस बंद होते. सेलवरचा रेडिओ ज्या दिवशी सर्वांत गरजेचा, त्याच दिवशी प्रक्षेपकाने शहाणपणाने गप्प बसायचे, ही कसली सुरक्षितता? म्हणून आता जागेवरच्या यंत्राला थोडी स्वतःची अक्कल देतात. संपर्क तुटला तरी आकडे मर्यादेत असतील तर चालू राहा. मर्यादा सुटली तर आधी शक्ती कमी कर, मग बंद हो. अमेरिकेने 1995 पासून अशा प्रक्षेपकाजवळ, किंवा दूरच्या टेबलाशीही, माणूस नसला तरी चालेल असे ठरवले. संपर्काच्या वाटा दोन असाव्यात हे तर आलेच. मात्र दोन्ही एकाच खांबावर लोंबकळत नसाव्यात!

आता पाइपाकडे येऊ. सगळे आकडे ठीक आहेत, पण आवाज पोचतो आहे का? यासाठी स्टुडिओत साधा रेडिओ ठेवतात, तुमच्या घरातल्यासारखा. तो तारेवरून काही घेत नाही, हवेतून ऐकतो. आवाज ठरावीक सेकंद थांबला की घंटा वाजते. तिची मुदत लावायलाही तारतम्य लागते. 30 जानेवारीला सकाळी 11 वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळतात. तेव्हा प्रसारणही थांबले, तर यंत्राला तो बिघाडच वाटणार.

आणि ही घंटाही सर्व काही सांगत नाही. अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात मायनॉट नावाचे शहर आहे. 18 जानेवारी 2002 ला मध्यरात्रीनंतर 1 वाजून 37 मिनिटांनी तिथे मालगाडी घसरली आणि अमोनियाच्या पाच टाक्या फुटल्या. कडाक्याच्या थंडीत विषारी ढग घरांवर पसरला. घरात राहा, दारे-खिडक्या लावा, एवढेच लोकांना सांगायचे होते. इशारा देण्याचे काम ज्या केंद्राकडे होते, त्याचे कार्यक्रम त्या वेळी यंत्रावर चालले होते. पोलिसांचे म्हणणे, फोन कुणी उचलला नाही. मालकांचे म्हणणे, माणूस हजर होता आणि पोलिसांकडचे इशारायंत्रच नीट लावलेले नव्हते. वाद पुढे बरीच वर्षे चालला. एक माणूस दगावला, तो घराबाहेर पडला होता. तीनशेवर लोकांना इजा झाली. प्रक्षेपकात त्या रात्री काडीचा बिघाड नव्हता. हवेत आवाजही होता.

दहा जागांची राखण एका टेबलावरून करायला माझी हरकत नाही. डोंगरावर थंडीत कुडकुडत आकडे टिपणाऱ्याचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण त्या टेबलाशी रात्री कोण आहे आणि तो फोन उचलतो का, हेही एका काट्यावर दिसायला हवे.

शेवटी मनोऱ्यावरच्या तांबड्या दिव्यांबद्दल. ते विमानांसाठी असतात. दिव्यांच्या वाटेने जाणारी वीज मोजून, एखादा गेला तर दुरूनही ओळखता येतो. अमेरिकेत उंच मनोऱ्याच्या टोकावरचा दिवा बंद पडून अर्ध्या तासात पेटला नाही, तर विमानखात्याला लगेच कळवण्याचा नियम आहे. पण दिवा जळत असून काचेवर काजळी धरली असेल, तर ते फक्त डोळ्यालाच कळणार. तुमच्या गावाजवळ असा मनोरा असेल, तर अंधार पडल्यावर कधीमधी तिकडे नजर टाका. दिवा विझलेला वाटला, तर फाटकावरच्या राखणदाराला सांगा. तिथे कुणी नसेल तर केंद्राला फोन करा. कोणता मनोरा, टोकाचा दिवा की मधला, आणि कधीपासून, एवढे कळवले म्हणजे पुरे.