साधन आणि सद्भाव
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचा सारांश)



या संस्थेची पायाभरणी झाली तेव्हा पर्युषण पर्वानंतरची क्षमायाचना घरोघरी जाऊन किंवा पत्र लिहून होत असे. आज ती बहुतांशी भ्रमणध्वनीवरून होते. या बदलात आपण काय मिळवले आणि काय गमावले, याचा थोडा विचार करू.

अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राउट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींचा अभ्यास करून १९९८ साली निष्कर्ष मांडला, की इंटरनेटचा वापर वाढला तसा घरातील संवाद घटला आणि एकाकीपणा वाढला. परंतु त्याच कुटुंबांची पुन्हा पाहणी केल्यावर ते दुष्परिणाम बहुतांशी ओसरलेले दिसले, आणि २००२ साली या संशोधकांनी ते प्रांजळपणे प्रसिद्ध केले. आपलेच मत पुन्हा तपासण्याची ही वृत्ती अनेकान्त मानणाऱ्या आपल्या समाजाला परकी वाटू नये.

पुढे २०१६ साली मोइरा बर्क आणि क्राउट यांनी फेसबुक वापरणाऱ्यांचा अभ्यास केला. जवळच्या माणसाने खास आपल्यासाठी लिहिलेल्या शब्दांनी मनःस्वास्थ्य सुधारते. सर्वांना उद्देशून लिहिलेल्या मजकुराने किंवा केवळ कळ दाबून दिलेल्या पसंतीने तसा लाभ होत नाही, असे त्यांना आढळले.

याचा प्रत्यय मला स्वतःला आला आहे. थोरल्या बंधूंशी माझा शेतीच्या वाटणीवरून अबोला होता. एका वर्षी क्षमावाणीचा तयार संदेश मी शेकडो जणांना पाठवला. त्यात तेही होते. त्यांच्याकडून जोडलेल्या हातांचे चित्र आले. अबोला मात्र तसाच राहिला. पुढच्या वर्षी मी त्यांच्या दारी गेलो. शब्द सुचेनात. वहिनींनी पाणी आणून दिले आणि दादा एवढेच म्हणाले, "बस." वाटणीचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही, पण बोलणे सुरू झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा व्यक्तींमागे एक व्यक्ती एकाकी आहे. आपल्या गावातही ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत, असे वृद्ध श्रावक-श्राविका आहेत. त्यांना नातवंडांचे मुख दाखवणारे यंत्र हे वरदानच आहे. मंदिरापर्यंत येऊ न शकणाऱ्यांच्या कानी त्याच यंत्राने प्रवचन पोहोचते. म्हणून यंत्राला दोष देऊ नये. मात्र साधनालाच साध्य मानू नये. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परस्परांना साहाय्य करणे हेच जीवांचे कार्य सांगितले आहे. ते कार्य यंत्र करीत नाही, यंत्राच्या आधारे जीवच करतो.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी. प्रत्येक तरुणाने एका ज्येष्ठाशी दर अष्टमी-चतुर्दशीस दूरध्वनीवर बोलावे आणि महिन्यातून एकदा प्रत्यक्ष भेटावे. आणि येत्या क्षमावाणीला, ज्याच्याशी खरोखर वितुष्ट आहे अशा एका तरी घरी आपण स्वतः जावे.