काटा कोणाच्या हाती?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही बोनसवर नाही तर संपावर बोलू, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय कळविला, ‘बाळाचे वजन आणि बाळाची आई’. चिटणीसांनी पुन्हा निरोप धाडला, विषय नक्की ना? नक्की. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण हमालांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या सभांत झाले. तेव्हा वैद्यकाविषयी आम्ही अधिकाराने बोलणार नाही. काट्याविषयी मात्र बोलू. उभी हयात काट्याच्या भांडणात गेली आहे.

बाळाचे वजन दरमहा करून कागदावर मांडावे, ही कल्पना मोठी साधी आहे. डेव्हिड मॉर्ले नावाचे इंग्रज बालवैद्य १९५० नंतरच्या काळात नायजेरियात काम करीत होते. इमेसी-इले ह्या खेड्यातल्या कामातून त्यांचा वाढीचा तक्ता घडला आणि तेथून तो जगभर गेला. महिन्याला एक टिंब काढायचे आणि टिंबे जोडायची. रेषा चढती आहे तोवर चिंता नाही. ती आडवी झाली की मूल दिसायला गुटगुटीत असले तरी काहीतरी बिनसले आहे असे समजावे. जुलाब असतील, ताप असेल, किंवा सहा महिने उलटले तरी वरचे अन्न सुरू झाले नसेल. मूल हडकुळे दिसू लागेपर्यंत थांबले तर फार उशीर होतो. आणि मॉर्लेसाहेबांचे सर्वांत शहाणपणाचे काम असे, की तो तक्ता त्यांनी दवाखान्याच्या कपाटात ठेवला नाही, आईच्या हाती दिला.

आमच्या देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडीत काटा आला. वजन होऊ लागले. पण तक्ता वर्षानुवर्षे राहिला तो अंगणवाडीच्या वहीत. आईच्या हाती कार्ड द्यावे हे पुढे ठरले. ठरले तेवढे सगळीकडे घडले असे म्हणवत नाही.

‘आमची मुले अंगानेच बारकी’ असे सभ्य माणसेही म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली नवी मापे प्रसिद्ध केली, ती भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका ह्या सहा देशांतली मुले मोजून. आईचे दूध, पुरेसे अन्न आणि निरोगी घर मिळाले की पहिल्या पाच वर्षांत ही सारी मुले जवळजवळ सारखीच वाढली. तेव्हा बारकेपणाचा दोष रक्ताला देऊन कोणाची सुटका नाही.

आता आम्ही एका कोपीच्या दाराशी येतो. काही वर्षांमागचा गळीत हंगाम. एका साखर कारखान्याजवळ मराठवाड्यातून आलेल्या तोडकऱ्यांची वस्ती होती. गावची सेविका काटा घेऊन आली. तीन वर्षांखालची अकरा मुले. वजनाला आली चार. एक बाई चौदा महिन्यांचे पोर कडेवर घेऊन दारात उभी राहिली, पुढे येईना. आम्ही उपदेश सुरू केला; तो आमचा जुना रोग आहे. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “दादा, काट्यानं आमचं कधी भलं केलंय? तिकडं उसाचं वजन हुतंय, पावती मुकादमाच्या खिशात. हितं पोराचं हुतंय, ते बाईंच्या वहीत. आमच्या हातात काय?”

आम्ही गप्प झालो. वजनकाट्यावर गाडी चढते तेव्हा तोडकऱ्याला आकडा दिसला पाहिजे, म्हणून आम्ही मोर्चे काढलेले. आणि हीच गोष्ट त्याच्या बायकोच्या बाबतीत आमच्या डोक्यात आली नव्हती.

तिला नजर लागण्याचे भय होते, हेही खरे. त्याला हसणे सोपे आहे. पण दर खेपेला वजन करून “कमी भरलं” एवढेच ऐकायचे, वर “लक्ष देत नाहीस” हे बोलणे खायचे, आणि पदरात काही पडायचे नाही, तर त्या काट्याला नजर नाही म्हणायचे तर काय म्हणायचे? शिवाय वजनाची वेळ सकाळची. तोडकरी तर पहाट व्हायच्या आत फडात. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. बाई मागे राहिली की जोडी मोडते, आणि मुकादम खाडा लावून उचलीत धरतो. बाळाच्या एका टिंबाची किंमत एवढी. सरकारी कागदावर मात्र शेरा पडतो, ‘माता उदासीन’. हा शेरा लिहिणाऱ्याने एक पहाट फडात काढावी.

सेविकेचीही बाजू आहे. तिला पगार नाही, मानधन आहे. मुलांचे आकडे घसरले की वरून विचारणा तिलाच, म्हणून पेन्सिल हळूच वर सरकते. हे आम्ही सेविकांच्याच तोंडून ऐकले आहे. सरकारने दिलेले मोबाइल चालेनात म्हणून २०२१ साली हजारो सेविकांनी ते परत केले. पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून सुमारे सात आठवडे महाराष्ट्रात त्यांचा संप झाला. आम्ही त्यात होतो, आणि तो न्याय्य होता असे आजही म्हणतो. पण संप मिटल्यावर एका आईने विचारले, “माझ्या पोराचे ते दोन महिने कुणी मोजले?” ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

त्या वस्तीत पुढल्या हंगामात आम्ही मुकादमाशी बोलणी केली. महिन्यातून एक दिवस वजन संध्याकाळी, आणि त्या दिवशी बाई फडातून लवकर परतली तर खाडा नाही. तो कुरकुरला, मग कबूल झाला. सेविकेला अवेळी बोलवावे लागले. संघटनेच्या माणसाने बिनमोबदल्याचे जादा काम मागावे, हे आम्हांला शोभले नाही. वर्गणीतून तिचा येण्याजाण्याचा खर्च दिला, एवढीच काय ती सोय. कार्डे प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोपीच्या मेढीला टांगली.

ती बाई पुन्हा त्याच वस्तीत होती, कडेवर आता नवे बाळ. पहिल्या महिन्यात आली नाही, दुसऱ्यात आली. तिसऱ्यात टिंब जागच्या जागीच पडले. सेविकेने तिचे बोट धरून आडवी रेषा दाखविली. पोराला जुलाब होतेच. ‘दात येताहेत’ म्हणून कोणी मनावर घेतले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. त्या दिवशीचा खाडा पडलाच, तो आम्हांला टाळता आला नाही. पुढच्या वजनाला पोर तीनशे ग्रॅमने चढले.

सेविकेने कार्डावर टिंब काढले आणि वही मिटू लागली, तेव्हा बाईने वहीवर हात ठेवला. “थांबा बाई. तुमच्या वहीत किती लिवलंय, ते आधी दाखवा.”