चार पावले पुढे

रिको कंपनीने २०१३ साली ‘जीआर’ नावाचा खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा काढला. त्याचे भिंग १८.३ मिलिमीटरचे, ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २८ चे. म्हणजे दृश्य ऐसपैस मावते, पण दूरचा माणूस भिंगाने जवळ ओढता येत नाही. मग करायचं काय? आपणच चार पावलं पुढं जायचं! तिथं नजरेला नजर भिडते आणि ‘फोटो काढू का?’ असं विचारावंच लागतं. अगदीच जवळ गेलात, तर मात्र नाक मोठं दिसतं, कडेचा चेहरा ताणला जातो. गुरुजी, मुलांचे फोटो घेताना तेवढं अंतर राखा. आणि एखादं मूल ‘नको’ म्हणालं, तर कॅमेरा खिशात ठेवा.