बासी आणि शिळे
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रायपूर येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून इतिहास आणि साहित्य या विषयांवरची विद्वत्तापूर्ण भाषणे आपण ऐकलीत. आम्ही मात्र स्वयंपाकघरातला विषय घेऊन उभे आहोत, त्याबद्दल क्षमा असावी.

परक्या मुलखात गेलेला मनुष्य तेथील देवळांचे आणि डोंगरांचे कौतुक चटकन करतो; त्याची खरी परीक्षा ताटाशी होते. जपानला जाऊन आलेली मंडळी फुजी पर्वताचे वर्णन रंगून करतात, परंतु नात्तोचे नाव निघाले की गप्प होतात. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन. त्याला तारा सुटतात, वास उग्र असतो, आणि कित्येक जपानी माणसे ते सकाळी गरम भातावर घालून आवडीने खातात. पण असे परके होण्यासाठी जपानलाच जावे लागते असे नाही. आम्ही १९७१ साली बदलीवर पुण्याहून रायपुरास आलो, तेव्हा आमचे नात्तो येथेच आमची वाट पाहत होते.

वस्तुतः मराठी माणूस या प्रांतात काही नवखा नव्हता. रतनपुरास बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत कारभार पाहिला. पेंड्र्याहून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्र्यांची मातृभाषा मराठीच होती. आम्हांला ही नावे ठाऊक होती. शेजारच्या घरात काय शिजते, ते मात्र ठाऊक नव्हते.

प्रथम जे विचित्र वाटले, त्यातले बरेचसे आपलेच निघाले. चीला म्हणजे आपले तांदळाचे धिरडे. पळसाच्या पानांत थापून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर रोटी ही कोकणातल्या पानगीची बहीण. कोचईच्या पानांना उडदाची वाटलेली डाळ लावून, उकडून, कढीत सोडतात. त्या इडहरात आम्हांला अळूवडी भेटली. ठेठरीत कडबोळे भेटले, खुरमीत शंकरपाळे, आणि रखिया बडीत कोहळ्याचे सांडगे. आपला पोळा येथे ‘पोरा’ होतो, आणि त्याही दिवशी मातीच्या बैलांपुढे नैवेद्य ठेवला जातो. आमच्या मातोश्री प्रत्येक पदार्थाला मराठी नाव देत आणि मगच तोंडात घालीत.

एका पदार्थाला मात्र त्यांच्यापाशी नाव नव्हते, किंवा होते तेच आड आले. तो पदार्थ म्हणजे बासी. शिजलेला भात पाण्यात घालून काही तासांनी खाल्ला तर तो बोरे. रात्रभर ठेवून सकाळी खाल्ला तर बासी. सोबत मीठ, कांदा, हिरवी मिरची, एखादी भाजी किंवा लोणचे. बासी या शब्दाचा अर्थ मातोश्रींनी ‘शिळे’ असा केला, आणि तेथेच विषय संपला.

आमच्याकडे कामाला एक प्रौढ बाई येत. सारी आळी त्यांना ‘दाई’ म्हणे, म्हणून आम्हीही दाईच म्हणू लागलो. आमच्या घरी बाळंतपण झाले, तेव्हा दाई महिनाभर रात्रीची आमच्याकडेच राहिली. पहिल्याच रात्री तिने आपल्या वाटणीच्या भातातला अर्धा काशाच्या बटकीत काढला, त्यावर पाणी ओतले आणि झाकून ठेवला. पहाटे मातोश्री उठल्या. भात फुगलेला, पाण्याला आंबूस वास. नासला असे समजून त्यांनी तो गाईच्या घमेल्यात ओतला आणि बटकी स्वच्छ घासून पालथी घातली. वर दाईपुढे गरम पोळी ठेवून म्हणाल्या, “असले शिळेपाके आमच्या घरी खायचे नाही, आजारी पडशील.” दाईने पोळीला हात लावला नाही. काही बोलली नाही. दुपारपर्यंत उपाशीच काम करीत राहिली. आम्ही सारे पाहत होतो आणि आम्हांला त्यात मातोश्रींचा चांगुलपणाच दिसला, हे आज सांगताना लाज वाटते.

पुढे दाईच्या गावी, अभनपूरच्या बाजूला, आमचे जाणे-येणे सुरू झाले. पहिल्या खेपेस पुरी आणि खीर. दुसऱ्या खेपेस तेच. तिसऱ्या वेळी आम्ही मे महिन्याच्या भर दुपारी आगाऊ न कळवता पोहोचलो. घरात तयार होती ती फक्त बासी. दाईचा मुलगा संकोचून म्हणाला, “साहेब, ये तो बासी ए. तुमन कइसे खाहू?” प्रश्न जेवणाचा नव्हता; आम्ही कोण, हा होता. आम्ही बटकी हातात घेतली. गार, किंचित आंबट, मिठाने खुललेला तो भात, वर कांदा आणि चेंच भाजी! पोटात थंडावा उतरला. पुऱ्या खाल्ल्या तोवर आम्ही त्या घरचे पाहुणे होतो.

परत येताना आम्हांला आमच्या आजोळच्या शेतावरचे गडी आठवले. शिळी भाकरी, कांदा आणि मिरचीचा ठेचा हीच त्यांची न्याहारी असे. श्रावणात शिळासप्तमीला आपल्याही घरी चूल पेटत नसे. म्हणजे जे आम्ही छत्तीसगढाला हसत होतो, ते आमच्याच मातीत होते. आम्ही शहरात येऊन, नोकरीला लागून, त्यापासून दूर गेलो होतो. अंतर दोन प्रांतांतले नव्हते, घाम गाळणारे आणि न गाळणारे यांच्यातले होते.

बासी हे नासलेले अन्नही नव्हे. दुधाचे दही करणाऱ्या जिवाणूंच्याच गोत्रातले जिवाणू तो भात आंबवतात. ओडिशात त्याला पखाळ म्हणतात, बंगालात पांता भात, तमिळनाडूत पळय सादम. जेथे भात पिकतो आणि ऊन तापते, तेथे माणसाला हीच युक्ती सुचली. २०२२ साली कामगारदिनी तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, तेव्हा मोठमोठे अधिकारीही ती खाताना छायाचित्रांत दिसले. दाई ते पाहायला नव्हती.

आम्ही सर्वभक्षी झालो असा गैरसमज मात्र नको. बस्तरच्या आठवडी बाजारात पानाच्या दोन्यात चापडा मिळतो, म्हणजे झाडावर पानांची घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. त्या मीठ-मिरचीबरोबर वाटून आंबट चटणी करतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या तसल्याच चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमचे धाडस बोटाच्या टोकावर घेऊन चाखण्यापुरतेच झाले. पण तोंड वेडेवाकडे केले नाही. न आवडणे हा जिभेचा हक्क आहे. नाक मुरडणे हा नाही. आणि आमच्या आमटीतला गूळ दाईला कधीच उमगला नाही. “डाळीत गूळ कशाला?” असा तिचा प्रश्न होता, आणि आमच्यापाशी त्याला आजही उत्तर नाही.

मंडळींनो, पन्नास वर्षे आपण येथे गणपती बसवले, नाटके केली, श्रीखंड-पुरीच्या पंगती उठवल्या. ते सारे चालूच राहावे. पण त्या पंगतीला आपण येथल्या किती शेजाऱ्यांना बोलावले, आणि त्यांच्या बटकीशी किती जण बसलो, हाही हिशेब या वर्षी मांडावा, एवढीच विनंती आहे.

मातोश्रींनी बासी अखेरपर्यंत खाल्ली नाही. मात्र आमच्या त्या पहिल्या बासीची हकीकत ऐकल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. त्यानंतर दाई जेव्हा जेव्हा मुक्कामाला राही, तेव्हा रात्री मागचे आवरून झाल्यावर मातोश्री स्वतः तिच्या बटकीत भात काढीत, माठातले गार पाणी त्यावर घालीत, वर झाकण ठेवीत, आणि सकाळी घरात कोणाला त्याला हात लावू देत नसत.