प्रतिनिधी आणि प्रभाग
(नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



"निवडून गेला तो पुन्हा गल्लीत फिरकला नाही," ही तक्रार आपल्या भागात प्रत्येक निवडणुकीनंतर ऐकू येते. ती पुष्कळ वेळा खरीही असते. तथापि प्रतिनिधी गल्लीत आला म्हणजे आपण त्याच्यापाशी काय मागतो, याचाही विचार एकदा व्हावयास हवा. कोणी मुलाच्या नोकरीसाठी चिठ्ठी मागतो, कोणी बदलीसाठी शब्द टाकावयास सांगतो, कोणी घरच्या कार्याचे आमंत्रण देऊन फोटोपुरती त्याची वाट पाहतो. साऱ्या आळीच्या पाण्याचा प्रश्न कागदावर मांडून तो त्याच्या हाती देणारा मात्र विरळा. प्रतिनिधीचे खरे काम कोणते आणि ते त्याच्याकडून करवून घेण्याचे आपले काम कोणते, हे सांगण्यासाठी आम्ही आज मुंबईच्या गोरेगावातील एका प्रतिनिधीचे उदाहरण आपल्यापुढे ठेवीत आहोत.

श्रीमती मृणाल गोरे हे नाव आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना परिचित असेलच. १९२८ साली जन्मलेल्या या बाईंनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून सार्वजनिक कार्याची वाट धरली. गोवामुक्तीच्या आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत त्यांचा सहभाग होता, म्हणून सीमाभागाला त्या परक्या नाहीत. समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे हे त्यांचे पती. १९५८ साली त्यांचे अकाली निधन झाले. त्या आघातानंतरही मृणालताईंनी गोरेगावातील काम सोडले नाही, आणि १९६१ साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून गेल्या.

त्या वेळची परिस्थिती ध्यानी घ्या. गोरेगाव ते दहिसर हा पट्टा १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. नकाशावरची रेघ एका हुकमाने सरकते. जमिनीखालची जलवाहिनी तशी सरकत नाही. चाळी वाढत होत्या, झोपड्या वाढत होत्या, आणि बायाबापड्यांच्या दिवसाचा मोठा भाग हंडाभर पाण्यामागे जात होता. झोपडी अनधिकृत, म्हणून तिला नळ नाही, असे कारभाऱ्यांचे म्हणणे. माणसाची तहान अधिकृत की अनधिकृत, असा प्रश्न मात्र कोणी विचारीत नव्हते. तो मृणालताईंनी विचारावयास लावला. बायका रिकामे हंडे घेऊन महापालिकेवर चालून गेल्या, आणि सभागृहात त्यांची प्रतिनिधी त्याच मागणीसाठी उभी राहिली. 'पाणीवाली बाई' हे नाव लोकांनी त्यांना दिले ते उगीच नव्हे.

येथे एक गोष्ट आम्हांस विशेष रीतीने सांगावयाची आहे. त्या काळच्या नगरसेवकाच्या हाती आजच्यासारखा विकासनिधी नव्हता. स्वतःच्या सहीने वस्तीला नळ देण्याची सोय मृणालताईंना नव्हती. त्यांच्यापाशी दोनच साधने होती. एक, सभागृहात बोलण्याचा आणि प्रशासनाकडून उत्तर घेण्याचा अधिकार. दुसरे, सभागृहाबाहेर उभी असलेली वस्ती. यांपैकी पहिले साधन दुसऱ्यावाचून लुळे आहे. सभागृहातील प्रश्नाला गोलमाल उत्तर देऊन वेळ मारून नेता येते. परंतु त्या उत्तराची वाट पाहत दाराशी शेकडो स्त्रिया बसल्या असतील, तर उत्तर देणाऱ्याला शब्द तोलून वापरावे लागतात.

हीच रीत पुढे मोठ्या क्षेत्रातही चालली. १९७२ साली मृणालताई विधानसभेवर गेल्या. दुष्काळ आणि महागाई यांनी त्या सुमारास महाराष्ट्र होरपळून निघाला होता. अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांसह त्यांनी महागाईविरोधी आघाडी उभारली. थाळी आणि लाटणे ही घरातली साधने रस्त्यावर आली आणि रॉकेल, तेल, धान्य यांचे भाव हा राजकारणाचा विषय झाला. या स्त्रियांचे पक्ष वेगळे होते, परंतु त्यांच्या स्वयंपाकघरांतील अडचण एकच होती. आणीबाणीत मृणालताई भूमिगत राहिल्या, नंतर तुरुंगात गेल्या, आणि १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. पुढे १९८५ साली पुन्हा विधानसभेत येऊन त्यांनी विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. एवढी पदे भोगूनही लोकांनी त्यांचे 'पाणीवाली बाई' हेच नाव कायम ठेवले.

घरांच्या प्रश्नातही त्यांचा मार्ग हाच होता. नागरी जमीन कमाल धारणा कायदा १९७६ साली झाला. शहरातील जादा जमीन घेऊन ती सामान्यांच्या घरांसाठी वापरावी, हा त्याचा हेतू. परंतु कायदा कागदावर असणे वेगळे आणि त्यातून घर उभे राहणे वेगळे. बाबूराव सामंत प्रभृती सहकाऱ्यांसह मृणालताईंनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे हा हेतू खरा करण्याचा आग्रह धरला. न्यायालयीन झगड्यासह वर्षानुवर्षे तो प्रश्न लढविला गेला, आणि गोरेगाव पूर्वेस दिंडोशी येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. ही घरे कोणा एकाच्या मेहेरबानीने मिळालेली नाहीत. संघटित लोकांनी कायद्याची अंमलबजावणी मागितली, त्याचे ते फळ आहे. १७ जुलै २०१२ रोजी मृणालताई निवर्तल्या. गोरेगावात आज त्यांच्या नावाचा उड्डाणपूल आहे. परंतु त्यांचे खरे स्मारक वस्तीवस्तीतल्या नळावर आहे, असे आम्ही मानतो.

आता आपल्याकडे वळू. खासदारांच्या स्थानिक क्षेत्र विकास निधीची योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाली. आमदारांसाठीही असे निधी राज्याराज्यांत आहेत. या निधीतून चांगली कामे होतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यामुळे आपली नजर बदलली, हेही नाकारता येणार नाही. प्रतिनिधी हा राज्याच्या साऱ्या अंदाजपत्रकाचा पहारेकरी. त्याला आपण एका छोट्या पेटीचा वाटेकरी करून टाकले. गटारावर त्याच्या नावाची फरशी बसली की आपण समाधान पावतो, आणि उरलेल्या अंदाजपत्रकात आपल्या आळीचा वाटा किती, हे विचारावयाचे विसरतो.

बेळगावचेच पाहा. राकसकोप आणि हिडकल येथून शहरास पाणी येते. १९०० च्या दशकातील नव्हे, अगदी अलीकडची गोष्ट: २००८ च्या सुमारास बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा या शहरांतील काही निवडक प्रभागांत चोवीस तास पाणी देण्याचा प्रयोग यशस्वी झाला. म्हणजे आमच्या शहरातही अष्टौप्रहर नळ वाहू शकतो, हे सिद्ध झाले. तेव्हा उरलेल्या प्रभागांतील गृहिणींनी रात्री-अपरात्री उठून हंडे का भरावेत? संपूर्ण शहरासाठी ती योजना वाढविण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. आमच्या आळीत ते कोणत्या महिन्यात पुरे व्हावयाचे होते, आणि झाले नसल्यास का, हा प्रश्न नगरसेवकाने सभागृहात आणि आमदाराने विधानसभेत विचारलाच पाहिजे.

यासाठी लागणारी हत्यारे कायद्याने दिलेली आहेत. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत पाणीपुरवठा आहे, आणि तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद आहे. विधानसभेत तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, मागण्यांवरील कपात सूचना आहे. मंत्र्यांनी दिलेली वचने पाळली गेली की नाही हे पाहणारी आश्वासन समिती आहे, आणि नागरिकांचे गाऱ्हाणे सदस्यामार्फत नेता येईल अशी अर्ज समितीही आहे. २०१४ च्या डिसेंबरात तर मुंबई उच्च न्यायालयाने, अनधिकृत झोपडीत राहणाऱ्यालाही पाणी नाकारता येत नाही, कारण ते घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला. गोरेगावच्या बायकांनी रिकाम्या हंड्यांनी जे सांगितले, ते न्यायासनाला मान्य व्हावयास अर्धे शतक लागले.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. प्रत्येक आळीने आपली मागणी एका कागदावर लिहावी. तीत किती घरे, किती दिवसांआड पाणी, किती वेळ, हे आकड्यांनी नमूद करावे. तो कागद साऱ्यांच्या सह्यांनिशी नगरसेवकास आणि आमदारास द्यावा आणि पोच घ्यावी. सभागृहात त्यावर प्रश्न विचारला गेला का, उत्तर काय मिळाले, हे अधिवेशन संपताच त्यांना आळीत बोलावून विचारावे. जो उत्तर आणील त्याच्या पाठीशी उभे राहावे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. आणि या सभेत भगिनींची जागा पुढे असावी. कारण पाण्याचा हिशेब त्यांच्याइतका नेमका कोणापाशीच नसतो.

प्रतिनिधी चांगला मिळणे हा काही अंशी योगाचा भाग आहे. त्याला चांगले काम करावयास लावणे हा सर्वस्वी आपल्या हातचा भाग आहे. पुढील अधिवेशनापूर्वी या सभेतून निदान एका आळीचा सह्यांचा कागद निघावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.