कोर्टाची भाषा आणि बाईची फिर्याद



भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेबलाखालून सरकवलेलं पाकीट येतं, आणि न्यायालयीन सुधारणा म्हटलं की वकिलांची परिषद. यात महिला संघटनांनी कशाला पडायचं, असं वाटणं साहजिक आहे. पण या दोन गोष्टींचा बाईच्या फिर्यादीशी किती जवळचा संबंध असतो, हे मला पूर्व तिमोरच्या अनुभवातून फार स्पष्ट दिसतं. म्हणून आज त्या देशाबद्दल बोलणार आहे.

साडेतेरा लाखांच्या आसपास वस्तीचा हा देश. पोर्तुगिजांची जुनी वसाहत. एके काळी तिथला कारभार गोव्याहून चालत असे. १९७५ मध्ये इंडोनेशियाने तो बळकावला. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य मागितलं, त्याची शिक्षा म्हणून लष्कर आणि त्याने पोसलेल्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली. कोर्टंही जळाली, दप्तरं गेली, इंडोनेशियाने नेमलेले न्यायाधीश निघून गेले. २००० च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाने ज्या तरुण वकिलांना न्यायाधीश म्हणून शपथ दिली, त्यांच्यापैकी कुणी त्याआधी न्यायासनावर बसलेलं नव्हतं. २० मे २००२ ला स्वातंत्र्य आलं ते असं, शून्यातून.

आता भाषेचं पाहा. राज्यघटनेने पोर्तुगीज आणि तेतुम या दोन राजभाषा ठरवल्या. ज्या पिढीने हे न्यायाधीश दिले, ती इंडोनेशियन शाळा-कॉलेजांत शिकलेली. घरात तेतुम, नाहीतर आपापल्या भागातली बोली. कायदे मात्र पोर्तुगीजमध्ये! २००५ मध्ये न्यायाधीशांच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हा झाडून सगळे नापास झाले आणि त्यांना पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं. त्यांच्या जागी पोर्तुगीज बोलणाऱ्या देशांतून परदेशी न्यायाधीश आले. मला त्या नापास झालेल्यांची कीव येते, पण त्यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या बाईची जास्त येते. तिची साक्ष एका भाषेत, कायदा दुसऱ्या भाषेत, मधे दुभाष्या. गोव्यातल्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. पोर्तुगीजमधले जुने जमिनीचे कागद घेऊन वाचणारा शोधत फिरणं तिथे अनेक घरांनी अनुभवलं आहे.

तरीही तिथल्या बायका हटल्या नाहीत. फोकुपर्स ही संघटना ताब्याच्या काळातच, १९९७ मध्ये उभी राहिली होती. पुढे रेदे फेतो हे महिला संघटनांचं जाळं झालं. त्यांच्या रेट्यामुळे २००९ च्या दंडसंहितेत घरातली मारहाण हा सार्वजनिक गुन्हा ठरला, म्हणजे बाईने तक्रार मागे घेतली तरी खटला थांबत नाही. २०१० मध्ये कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध स्वतंत्र कायदा आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, नवरा वा जोडीदार असलेल्या वा पूर्वी असलेल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५९ टक्क्यांनी त्याच्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. आणि त्या काळात जिल्हा न्यायालयं किती, तर अख्ख्या देशात चार: दिली, बाउकाउ, सुआई आणि ओएकुसे. डोंगरातल्या गावातून कोर्टात पोचायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून, भाडं मोजून. ते परवडेना म्हणून फिरती न्यायालयं सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण कोर्टात बसून निकालांची नोंद ठेवणारी जेएसएमपी ही तिथली संस्था वर्षानुवर्षं सांगत आली की, दोषी ठरलेल्या नवऱ्यांना बहुतेक वेळा स्थगित शिक्षाच मिळते. म्हणजे तो आणि ती दोघं एकाच वाटेने घरी परततात.

याच कोर्टांपुढे मोठ्यांचे खटलेही आले. तेल आणि वायूच्या उत्पन्नावर तेव्हा देशाचा बहुतेक सरकारी खर्च चालत असे. पैसा सरकारी खरेदीतून वाहतो, तिथेच तो गळतो. २००९ च्या कायद्याने भ्रष्टाचारविरोधी आयोग नेमला. २०१२ मध्ये माजी न्यायमंत्री लुसिया लोबातो यांना तुरुंग कर्मचाऱ्यांच्या गणवेशांच्या खरेदीवरून पाच वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अर्थमंत्री एमिलिया पिरेस यांच्यावरचा खटला उभा राहायचा होता. रुग्णालयाच्या खाटांचं कंत्राट त्यांच्या नवऱ्याच्या कंपनीला मिळाल्याचा आरोप होता, तो त्यांनी कायम नाकारला. दोघीही बायका, हे मी मुद्दाम सांगते. मंत्रिमंडळात बायका हव्यात म्हणून आपण भांडतो, तसंच त्यांच्यावरचा खटला नीट चालावा म्हणूनही भांडलं पाहिजे, तिथे बहिणापा मधे आणू नये.

पण पुढे घडलं ते भलतंच. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस संसदेने आणि पंतप्रधान शनाना गुस्मांव यांच्या सरकारने ठराव करून परदेशी न्यायाधीशांचे आणि सरकारी वकिलांचे करार रद्द केले आणि त्यांना ४८ तासांत देश सोडायला लावला. कारण सांगितलं की, तेल कंपन्यांच्या करांच्या दाव्यांत त्यांच्यामुळे देशाचं नुकसान झालं. टीकाकारांनी मंत्र्यांवरच्या खटल्यांकडे बोट दाखवलं. परदेशी माणसांवर कोर्ट कायमचं चालवू नये, हे मलाही मान्य आहे. स्वाभिमानी देशाने आपले न्यायाधीश घडवावेतच. पण कुणाला काढायचं हे ज्यांच्यावर खटले आहेत त्यांच्या सरकारने रातोरात ठरवायचं, याला सुधारणा म्हणत नाहीत. पिरेस यांना डिसेंबर २०१६ मध्ये सात वर्षांची शिक्षा सुनावली गेली, तेव्हा त्या देशाबाहेर होत्या.

यात बाईचं काय झालं? गेलेल्या न्यायाधीशांपुढे अर्धवट चाललेले खटले पुन्हा पहिल्यापासून चालवावे लागले. ज्या बाईने एकदा, भरल्या कोर्टात, दुभाष्याच्या तोंडून आपली कहाणी सांगितली असेल, तिने ती पुन्हा सांगायची. नवीन न्यायाधीश घडवणारं प्रशिक्षणही थंडावलं, कारण शिकवणारेही तेच होते. मंत्र्याकडे वकील असतो, विमानाचं तिकीट असतं. वर झालेल्या दांडगाईची किंमत खाली मोजली जाते ती अशी.

सप्टेंबर २०२५ मध्ये दिलीत विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ६५ खासदारांसाठी नव्या गाड्या आणि माजी खासदारांना तहहयात पेन्शन, याविरुद्ध. संसदेने गाड्यांची खरेदी थांबवली, पेन्शनचा कायदाही रद्द केला. मला याचं कौतुक आहेच. तिथल्या बायकांच्या मागण्या मात्र गाड्यांएवढ्या चटकन दिसणाऱ्या नाहीत: गावाजवळ कोर्ट, आपल्या भाषेत निकालाची प्रत, खटला संपेपर्यंत राहायला जागा. दुपारच्या गटचर्चेत मला तुमच्याकडून हेच ऐकायचं आहे. तुमच्या भागातल्या बाईला निकालाची प्रत कोणत्या भाषेत मिळते, ती तिला कोण वाचून दाखवतं, आणि तिच्या कोर्टाच्या फेऱ्यांचं भाडं कोण देतं?